वीज आली तेव्हा

१२ ऑक्टोबर २०२०, सोमवार. ठाण्यातली एक इमारत, सहावा मजला. दिवाणखान्याच्या भिंतीला लागून सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच अशी काचेची टाकी. तिच्यात हजार लिटरच्या आसपास खारं पाणी. खालच्या कपाटात आणखी दोनशे लिटरची टाकी, जिला आम्ही पाळणारे सम्प म्हणतो. मासे एकूण चौदा.

टाकीशेजारी खिळ्याला दोरीने बांधलेली एक वही लटकते. तापमान, क्षारता, कोणी काय खाल्लं, कोण लपून बसलं, हे रोज त्यात लिहिलं जातं. त्या दिवशीची पानं ओलसर होऊन फुगली आहेत. हा घटनाक्रम त्या पानांवरून लिहितो आहे.

सकाळी ८:४०. उरले १२ तास ४० मिनिटं.

कॉफीला वास नाही. सप्टेंबरमध्ये मला आणि आईला करोना होऊन गेला. ताप गेला, खोकला गेला, वास काही परत आला नाही. फोडणी करपली तरी आता मुलगी ओरडल्यावर कळतं.

वहीत नोंद: तापमान २४.०, क्षारता १.०२५, सगळे चौदा दिसले.

नर गुहेतून बाहेर आला आहे. हा फेअरी रॅस, मालदीवच्या समुद्रातला. उथळ प्रवाळावरचा हा मासा नाही. त्याचं घर चाळीस ते सत्तर मीटर खोल, जिथे उजेड निळा आणि मंद असतो आणि लाल रंग पोहोचतच नाही. तिथे हाच मासा करड्या सावलीसारखा दिसत असणार. आमच्या दिव्याखाली मात्र त्याचं डोकं गडद गुलाबी, अंगावर फिकट गुलाबी झिरझिरीत पदर, आणि मादीपुढे पंख ताणून उभा राहिला की तो पदर क्षणभर पेटल्यासारखा होतो. सोबत दोन माद्या, एक मोठी आणि एक छोटी.

इतक्या खोलीवरून मासा वर आणायचा म्हणजे पाणबुड्याला थांबत थांबत यावं लागतं, नाहीतर माशाच्या पोटातली हवेची पिशवी फुगते. एवढं सोसून २०१८ साली हा मासा माझ्याकडे आला. पावतीवर लाल मखमली रॅस असं नाव होतं. ते त्याचं नव्हतंच, पण तेव्हा कोणालाच तसं ठाऊक नव्हतं.

९:३०. उरले ११ तास ५० मिनिटं.

खाणं. गोठवलेल्या मायसिस कोळंबीच्या चार वड्या, एरवीपेक्षा दोन जास्त. अँथियस मासे हल्ली बारीक वाटत होते म्हणून. पोट भरलेला मासा पचनासाठी जास्त ऑक्सिजन घेतो. अर्ध्या तासाने काय होणार आहे हे माहीत असतं, तर एकही वडी टाकली नसती.

खालच्या कपाटात उजव्या कोपऱ्यात पाच लिटरची एक पारदर्शक नळी उभी आहे. तिच्यात तांदळाएवढे प्लॅस्टिकसारखे पांढरे दाणे अखंड उसळत असतात. हा बायोपेलेट रिअ‍ॅक्टर. दाण्यांवर कोट्यवधी जिवाणू राहतात, दाणे खातात आणि त्याबरोबर पाण्यातलं नायट्रेट शोषून घेतात. पंप चालू आहे तोवर हे टाकीतले सर्वांत कष्टाळू कामगार. या दिवसाची खरी गोष्ट या नळीत घडली. मी तिच्याकडे पुढचे अकरा तास पाहिलं नाही.

१०:००. उरले ११ तास २० मिनिटं.

पंखा मंदावतो. लॅपटॉपवरची मीटिंग गोठते. मग वरच्या टाकीतलं पाणी पाइपातून सम्पमध्ये उतरतं, गुडगुड असा एक मोठा आवाज होतो आणि घर गप्प होतं.

टाकी पाळणाऱ्याच्या घरात शांतता ही वाईट बातमी असते. पाणी वर पाठवणारा रिटर्न पंप, पाणी ढवळणारे दोन्ही वेव्हमेकर, घाण काढणारा स्किमर, पाणी गार ठेवणारा चिलर, रिअ‍ॅक्टर, सगळं एकाच बोर्डावर. त्या बोर्डावर मीच चिकटवलेली पट्टी: 'कोणीही बंद करू नये.'

वेव्हमेकरसाठी इन्व्हर्टर घेतलेला नाही. तो खर्च गेल्या वर्षी पुढे ढकलला आणि त्या पैशात दिवे बदलले.

११:००. उरले १० तास २० मिनिटं.

फोनवर बातम्या येऊ लागतात. मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडे अंधार. कळवा-पडघा पट्ट्यातल्या उच्चदाब वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबईला बाकीच्या जाळ्यापासून वेगळं करून वाचवणारी व्यवस्थाही टिकली नाही. लोकल जागच्या जागी उभ्या. सरकारी बँकेत नोकरीला असलेली बायको कुर्ल्याच्या अलीकडे डब्यात अडकली आहे. "मी ठीक आहे, तू तुझे मासे बघ," एवढं बोलून ती बॅटरी वाचवायला फोन ठेवते.

मी पहिली चूक करतो ती इथे. माझ्या डोक्यात एकच धास्ती: खोल पाण्यातला मासा, त्याला उष्णता सोसणार नाही. बाहेर ऑक्टोबर हीट, खोलीत ३२ अंश. म्हणून फ्रीजरमधल्या दोन-दोन लिटरच्या बर्फाच्या बाटल्या टाकीत सोडतो, थर्मामीटर बघत बसतो, खिडक्यांना ओले पंचे लावतो. हजार लिटर पाणी काही पटकन तापत नाही. तासाभरात पारा जेमतेम ०.१ अंशाने हलला आहे. मोठ्या टाकीचं हे एक सुख, आणि मी नेमकी त्याचीच काळजी करतो आहे.

खाली नळीत दाणे उसळायचे थांबून तळाशी बसले आहेत. अडकलेल्या पाच लिटर पाण्यातला ऑक्सिजन जिवाणूंनी एव्हाना संपवला असणार.

दुपारी १२:३०. उरले ८ तास ५० मिनिटं.

अँथियस वर आले आहेत. पाण्याच्या पृष्ठभागाला तोंड लावून कल्ले भराभर हलवत आहेत. थेंब टाकून रंग बघायच्या किटने ऑक्सिजन मोजतो: लिटरमागे ४ मिलिग्रॅम. सकाळी तो ६.५ च्या वर असतो.

लिटरभर हवेत पावणेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन असतो. २४ अंशांच्या खाऱ्या पाण्यात, अगदी काठोकाठ भरला तरी, सातही मिलिग्रॅम मावत नाही. मासा आयुष्यभर आपल्याला मिळतो त्याच्या चाळिसाव्या हिश्श्यावर जगतो. समुद्रात तेवढं पुरतं, कारण लाट आणि प्रवाह पाणी सतत हवेशी भिडवत असतात. माझ्या टाकीत ते काम बाराशे रुपयांच्या वायरीतून येणारी वीज करत होती.

कपाटातून बॅटरीवरचे दोन छोटे एअर पंप काढतो. मासे आणताना पिशवीत हवा सोडायला वापरतात ते. हजार लिटरला ते म्हणजे शेताला तांब्याने पाणी.

आई बघत उभी असते. ती म्हणते, "ताक कसं करतो आपण? घुसळ की पाणी."

१:१५. उरले ८ तास ५ मिनिटं.

आम्ही पाळी लावतो. स्टुलावर उभं राहायचं, दोन लिटरचा प्लॅस्टिकचा जग भरायचा, हात जमेल तितका उंच न्यायचा आणि ओतायचं. धार जितकी उंचावरून पडेल तितकी हवा आत नेते. मिनिटाला दहा-बारा जग. मी वीस मिनिटं, मुलगी दहा, आई पाच. आईला स्टुलावर चढू देत नाही, ती खुर्चीत बसून कडेच्या पाण्यात रवी फिरवते. ताकाची मोठी, लाकडी रवी.

दोनला पुन्हा मोजतो: ४.५. उतरण थांबली.

तेव्हाच्या नोंदीत मुलीचं अक्षर आहे: 'नर खाली येऊन आमच्याकडे बघतोय.'

२:१०. उरले ७ तास १० मिनिटं.

समोरच्या इमारतीतून आरडाओरडा. तिथे वीज आली. मग शेजारच्या, मग कोपऱ्यावरच्या दुकानात. आमच्याकडे नाही. खाली मीटर-खोलीजवळ सगळे मास्क लावून गोळा झाले आहेत. जाळं परत जोडलं गेलं तेव्हा आमच्या इमारतीकडे येणारी केबल जळाली. खणून जोडावी लागेल. किती वेळ, कोणी सांगू शकत नाही.

मी सेक्रेटरींना जनरेटरबद्दल विचारतो. एक प्लग, तासभर, बस. ते मान खाली घालतात. नवव्या मजल्यावरच्या आजी करोनातून उठल्या आहेत, घरी ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटरवर आहेत. डिझेल अर्धी टाकी आहे. "तुम्हीच सांगा, काय करू?"

मी म्हणतो, मला नको. जिना चढताना मनात एकदाही वाटत नाही की चुकीचं झालं. त्या दिवशी एकाच इमारतीत दोन मजल्यांवर श्वासाचीच लढाई चालू होती आणि आधी कोणाचा श्वास, याचं उत्तर सोपं होतं.

३:४५. उरले ५ तास ३५ मिनिटं.

मोठी मादी आडवी पडली आहे. वाळूवर, एका कुशीवर, कल्ले उचकल्यासारखे. टाकीतलं पाणी बदलण्यासाठी बनवून ठेवलेल्या खाऱ्या पाण्यापैकी साठ लिटर निळ्या पिंपात ओततो, तिला हाताच्या ओंजळीत धरून तिथे सोडतो आणि एक एअर पंप तिला देतो. साठ लिटरमध्ये एकच मासा, म्हणजे तिच्यापुरता तो पंप पुरेसा आहे. वर जाळी बांधतो, कारण घाबरलेला रॅस उडी मारतो.

ती जगेल असं मला वाटत नव्हतं. बाकीच्यांच्या वाटचा एक पंप मी तिच्यावर खर्च करतो आहे, असंही वाटून गेलं.

५:३०. उरले ३ तास ५० मिनिटं.

हात खांद्यापासून बधिर. ऑक्सिजन ४.५. तापमान २४.७. कोणीही मेलेलं नाही. बायको एका सहकाऱ्याच्या गाडीतून घरी पोचली आहे, तिनेही जग हातात घेतला आहे.

पाणी वर ढवळलं जातं आहे, म्हणून वर जीव आहे. खाली सम्प साडेसात तास निश्चल आहे आणि नळीत आता वेगळ्याच जमातीचं राज्य आहे. ऑक्सिजन संपला, मग नायट्रेट संपलं. त्यानंतर काही जिवाणू सल्फेटवर जगायला लागतात, आणि समुद्राच्या पाण्यात सल्फेटला तोटा नाही, लिटरमागे सुमारे २.७ ग्रॅम. ते सल्फेट वापरून जो वायू सोडतात तो हायड्रोजन सल्फाइड. दाणे तळाशी राखाडी पडत गेले असणार. कपाटाचं दार उघडलं असतं तर दिसलं असतं.

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाणी थांबलेला फिल्टर पुन्हा सुरू करण्याआधी आतलं पाणी टाकून द्यायचं, हे मी दुसऱ्यांना सांगत आलो आहे. पण त्या दिवशी डोळ्यांपुढे होते ते मासे, आणि मासे वर होते.

७:००. उरले २ तास २० मिनिटं.

दिवेलागण. मुलगी टॉर्च धरते. नर त्याच्या गुहेत गेला आहे. फेअरी रॅस झोपताना तोंडातून स्राव सोडून अंगाभोवती पातळ, पारदर्शक कोश विणतो. रोज रात्री नवा, आणि सकाळी तो सोडून बाहेर येतो. टॉर्चच्या उजेडात कोश चमकतो. इतक्या वाईट दिवशीही त्याने तो विणला, याचा मला आनंद होतो. वहीत लिहितो: 'नर झोपला. कोश पूर्ण.'

८:५५. उरली २५ मिनिटं.

वीज येते.

अख्ख्या इमारतीतून टाळ्या. पंखे, दिवे, फ्रीज. बोर्डावरचं सगळं आपोआप सुरू होतं. मी ते तसंच बसवलं होतं, घरी नसलो तरी टाकी स्वतः उभी राहावी म्हणून. रिटर्न पंप, वेव्हमेकर, स्किमर, चिलर. आणि रिअ‍ॅक्टरचा पंप. नळीतलं पाच लिटर पाणी पहिल्याच मिनिटात सम्पमध्ये येतं आणि तिथून रिटर्न पंप ते वर, माशांकडे, पाठवतो.

बायको आणि मुलगी नवव्या मजल्यावरच्या आजींची चौकशी करायला जातात. आई देवापुढे दिवा लावते. मी जमिनीवर बसतो, काचेला पाठ टेकून. पाण्याचा आवाज ऐकत. दुपारनंतर पहिल्यांदाच हात खाली ठेवले आहेत.

खोलीत वास भरत चालला आहे. आई आणि मी, दोघांनाही तो येत नाही.

९:०७. उरली १३ मिनिटं.

मागे वळून बघतो. अँथियस पुन्हा वर. मला वाटतं, दिवसभराचा थकवा, आता सावरतील. एक एअर पंप अजून चालूच ठेवला आहे, वेव्हमेकर पूर्ण वेगात आहेत, ऑक्सिजन नक्कीच वाढतो आहे. मोजला असता तर आकडा चांगलाच आला असता. हायड्रोजन सल्फाइडचं हेच क्रौर्य: पाण्यात ऑक्सिजन असूनही हा वायू पेशीला तो वापरूच देत नाही. भरल्या ताटापुढे उपासमार.

९:११. उरली ९ मिनिटं.

दार उघडतं. मुलगी उंबऱ्यातच थांबते. "बाबा, हा कसला वास? अंडं सडल्यासारखा."

मी कपाटाचं दार उघडतो. नळीतलं पाणी राखाडी आहे.

९:१२. उरली ८ मिनिटं.

रिअ‍ॅक्टरचा प्लग उपटतो. सम्पमध्ये होता नव्हता तेवढा सक्रिय कार्बन ओततो. बनवलेल्या पाण्यातलं उरलेलं चाळीस लिटर आहे, बाराशे लिटरसाठी. तेही बदलतो. खिडक्या सताड उघडतो. बायको पुन्हा जग उचलते, कारण हा वायू हवेत उडून जातो, जितकं पाणी उसळेल तितकं बरं. हे सगळं बरोबर होतं. वीज यायच्या आधी पाच मिनिटं केलं असतं तर पुरलं असतं.

९:१४ ला पहिला अँथियस उलटा होतो. मग चार मिनिटांत पाच.

९:२०.

नर गुहेतून बाहेर येतो. कोशाचा अर्धा पापुद्रा अजून कल्ल्यापाशी अडकलेला. तो दोनदा गोल फिरतो, वाळूवर टेकतो आणि पंख ताणतो, मादीपुढे ताणायचा तसेच, सगळे एकदम. गुलाबी पदर पूर्ण उघडतो. मग रंग डोक्याकडून शेपटीकडे विझत जातो. मुलगी टॉर्च बंद करते.

नंतर

मध्यरात्रीपर्यंत अकरा मासे गेले. दोन क्लाउनफिश वाचले, ते चिवट असतात. आणि निळ्या पिंपातली मोठी मादी वाचली. सर्वांत आधी आडवी पडली म्हणून तिला बाजूला काढलं होतं, आणि बाजूला होती म्हणून त्या पाण्याचा थेंबही तिच्यापर्यंत पोचला नाही. नवव्या मजल्यावरच्या आजी ठीक होत्या.

वीज जाणं माझ्या हातात नव्हतं. पण अकरा तास विजेविना सगळे मासे जगले. मेले ते वीज आल्यावर, मी बसवलेल्या बोर्डामुळे. जो जीव स्वतः श्वास घेऊ शकत होता, त्याला आपण जेव्हा यंत्रावर आणतो, तेव्हा त्या यंत्राचा प्रत्येक पंप, प्रत्येक बंद नळी आपली जबाबदारी होते. नजरेपुढचा मासा वाचवायला सगळेच धावतात. कपाटाच्या आत बघणं हे पाळणाऱ्याचं काम होतं, आणि त्यात मी कमी पडलो.

आता दोन्ही वेव्हमेकर बॅटरीवर चालतात. रिअ‍ॅक्टर पुन्हा लावला नाही. बोर्डावरची जुनी पट्टी काढली, तिथे मोठ्या अक्षरात लिहिलं आहे: 'वीज गेली की आधी खालचं कपाट उघडा. वीज आली की थांबलेलं पाणी फेकल्याशिवाय काहीही सुरू करू नका. वास घ्या. वास येत नसेल तर कोणाला तरी बोलवा.'

मादी परत टाकीत गेली. फेअरी रॅस मादी म्हणून वाढतात. नर नाहीसा झाला की मादीच नर होऊ शकते. २०२१ च्या उन्हाळ्यात तिच्या डोक्यावर गडद गुलाबी छटा चढू लागली. पावसाळा संपता संपता पंख लांबले, पदर उतरला, आणि एका सकाळी क्लाउनफिशपुढे का होईना, पंख ताणून ती, म्हणजे तो, उभा राहिला.

मार्च २०२२ मध्ये शास्त्रज्ञांनी जाहीर केलं की मालदीवचा हा मासा लाल मखमली रॅस नाहीच. ते नाव हजार किलोमीटर दक्षिणेकडच्या चागोस बेटांजवळ सापडलेल्या एका पिल्लावरून दिलं होतं, आणि आमचा मासा वेगळीच जात निघाला. वर्णन करणाऱ्यांत अहमद नजीब होते. मालदीवच्या माशाच्या नव्या जातीचं वर्णन करणारे ते पहिले मालदीवी शास्त्रज्ञ. नाव ठेवलं ते त्यांच्याच दिवेही भाषेतलं: सिऱ्हिलाब्रस फिनिफेन्मा. फिनिफेन्मा म्हणजे गुलाब. नाव मिळण्याच्या कितीतरी वर्षं आधी आम्ही त्याला पकडलं, विकलं, विकत घेतलं आणि एका रात्री गमावलंही होतं.

ही बातमी वाचली त्या संध्याकाळी मी वही उघडून १२ ऑक्टोबरच्या पानावर गेलो. 'नर झोपला. कोश पूर्ण.' या ओळीतला 'नर' खोडला नाही. त्याच्यापुढे, जागा होती तेवढ्यात, बारीक अक्षरात लिहिलं: फिनिफेन्मा.